मे महिन्याची सुटी : रजा, माहेर आणि हवापालट

१

मराठी कुटुंबाच्या सामाजिक इतिहासात विवाह, वारसा, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण इत्यादी विषयांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. त्या मानाने कुटुंबाच्या विश्रांतीचा इतिहास उपेक्षित राहिला. वर्षातून एकदा, ऐन उन्हाळ्यात, घराला कुलूप लावून अथवा एखाददुसऱ्या माणसास मागे ठेवून बाकीच्यांनी परगावी जावे, तेथे महिना-पंधरा दिवस आंबे, करवंदे, पत्ते आणि विहिरीतले पोहणे यांत घालवावे आणि पावसाच्या तोंडावर परत यावे, ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गोष्टी आनंदाच्या आणि साध्या, त्या अनादि असतात असा एक समज यामागे असावा.

वस्तुतः या चालीला कालक्रम आहे, तिची कारणे दाखविता येतात आणि तिच्यात बदल कसकसे होत गेले हेही सांगता येते. त्याहून महत्त्वाचे असे की, ‘कुटुंबाची उन्हाळी सुटी’ म्हणून जी एक गोष्ट समजली जाते ती एक नसून अनेक आहे. एकाच घरातील माणसे एकाच महिन्यात एकाच गावी जात असली तरी त्यांतील प्रत्येकाचे जाणे वेगळ्या कारणाने, वेगळ्या हक्काने आणि वेगळ्या कोणाच्या तरी संमतीने होत असे. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न त्यातूनच निघतो : या प्रवासात विश्रांती कोणाला मिळत होती, आणि प्रवास ‘सहकुटुंब’ झाल्यावर ती कोणाच्या वाट्याची कमी झाली?

२

या प्रश्नाचा विचार करताना शब्दांची साक्ष प्रथम काढणे इष्ट होईल. मराठीत कामापासून मिळणाऱ्या मोकळिकीसाठी एकच शब्द नाही. ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे आला. त्याचा मूळ अर्थ संतोष अथवा संमती असा आहे, आणि मराठेकालीन लेखनातही ‘रजा’ म्हणजे वरिष्ठाने दिलेली परवानगी. नोकरपेशाच्या माणसास रजा ‘मिळते’, ‘मंजूर होते’ किंवा ‘नामंजूर होते’. ती देणारा कोणीतरी धनी गृहीत असतो. ‘सुटी’चा संबंध ‘सुटणे’ या क्रियापदाशी असून हिंदीतील ‘छुट्टी’ तिची सख्खी बहीण आहे. सुटी मागावी लागत नाही. ती ‘लागते’ आणि ‘संपते’. शाळा आणि कचेऱ्या यांच्याबरोबर हा शब्द रूढ अर्थाने स्थिरावला. ‘हवापालट’ या सामासिक शब्दात बाहेरून आलेली ‘हवा’ आणि मराठी ‘पालट’ यांचा संयोग आहे. तो शब्द वैद्यकाचा आहे. हवापालटाचा सल्ला डॉक्टर देतो आणि तो अमलात आणण्यास पैसा लागतो.

या तिहींच्या जोडीस चौथा शब्द ठेवला पाहिजे, तो ‘माहेर’. ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून आलेले हे रूप. वरकरणी तो स्थळवाचक आहे; परंतु ‘माहेरपण’ या भाववाचक नामात स्थळ मागे पडून अवस्था पुढे येते. काही दिवस कामातून मोकळे असणे, कोणी आपल्या आवडीचे करून वाढणे, मनास येईल तेव्हा उठणे, असा त्याचा अर्थ. ‘माहेरवाशीण’ या शब्दाला पुल्लिंगी जोड नाही हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पुरुषाने स्वतःपुरता ‘माहेर’ हा शब्द वापरला तर तो रूपकानेच वापरला. पंढरीला माहेर म्हणणाऱ्या संतांनी तो तसा वापरला. विवाहित स्त्रीच्या विश्रांतीला भाषेने जे नाव दिले ते रजा अथवा सुटी यांपैकी एकही नसून एका घराचे नाव होते.

म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय घरातील एका मे महिन्याकडे पाहिले तर वडिलांची रजा, मुलांची सुटी, आईचे माहेर आणि क्वचित आजारातून उठलेल्या आजोबांचा हवापालट अशा चार गोष्टी तीत एकत्र आलेल्या दिसतात. पुढील विवेचन या चार गोष्टी एकत्र कशा आल्या याचे आहे.

३

कृषिजीवनात उन्हाळ्याला स्वतःचा असा अवकाश होता. रब्बीची पिके निघून खळी आटोपली की मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, शेतीच्या कामांना उसंत मिळे. लग्नसराई याच काळातली. गावोगावच्या जत्रा बहुधा याच काळातल्या; जोतिबा, शिखर शिंगणापूर, वणीची सप्तशृंगी, कार्ल्याची एकवीरा यांच्या मोठ्या यात्रा चैत्रात भरतात. बैलगाड्या जुंपून घरातील लहानथोरांनी जत्रेस जावे, नवस फेडावा, पाळण्यात बसावे, रेवड्या-बत्तासे घेऊन परतावे, हीच सामान्य कुटुंबाची सहल होती. तीत देवदर्शन आणि मौज यांची फारकत झालेली नव्हती.

लेकीच्या माहेरी येण्याचाही या काळाशी संबंध होता. त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण खानदेशातील आखाजीचे. अक्षय्य तृतीयेस खानदेशात जे महत्त्व आहे ते महाराष्ट्राच्या इतर भागांत क्वचितच आढळते. एकीकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, तर दुसरीकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस यांचे जेवण होते. देशावरील आणि कोकणातील अनेक घरांत, विशेषतः ब्राह्मणी घरांत, याच सुमारास चैत्रगौर मांडतात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौरीला झोपाळ्यावर बसवावयाचे, आणि तिच्या निमित्ताने हळदीकुंकू करून आंब्याची डाळ व पन्हे द्यावयाचे. ही गौर माहेरपणास आलेली असते अशी श्रद्धा आहे. खानदेशात झोक्यावर बसणारी लेक आणि देवघरात झोपाळ्यावर बसविलेली देवी यांतील साम्य आकस्मिक म्हणता येणार नाही. स्त्रीच्या विश्रांतीला धर्माचा आधार मिळाल्यावाचून ती सासरी मान्य होणे कठीण होते. देवीदेखील महिनाभर माहेरी राहते हा तो आधार होय.

परंतु हे माहेरपण सासुरवाशिणीच्या स्वतःच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. माहेरहून ‘मूळ’ यावे लागे. म्हणजे तिला नेण्यास भाऊ अथवा घरचे विश्वासाचे माणूस येई. या माणसास ‘मुराळी’ म्हणत. मुराळी आला तरी सासरची परवानगी लागे, आणि ती न मिळाल्यास तो रिकाम्या हाताने परते. जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहण्याचा विषय पुनःपुन्हा येतो त्याचे कारण हेच. मुराळ्याखेरीज प्रवास नाही आणि प्रवासाखेरीज विश्रांती नाही, असा तो बंध होता.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. माहेरी आलेल्या लेकीची विश्रांती तिच्या भावजयीच्या श्रमावर उभी असे. उन्हाळा शेतातील उसंतीचा असला तरी घरातील उसंतीचा नव्हता. पापड, कुरडया, सांडगे, लोणची, मसाले, वर्षाच्या धान्याला ऊन देऊन कणग्या भरणे ही सारी पावसाळ्याची बेगमी याच दोन महिन्यांत व्हावयाची. एक स्त्री झोक्यावर बसे तेव्हा दुसरी चिक घोटीत असे. मात्र ती दुसरीही कोणाची तरी लेक होती आणि तिचीही पाळी येत असे. आखाजी, नागपंचमी, गौरी, दिवाळी आणि बाळंतपण अशा अनेक प्रसंगांत माहेरची येजा वाटली गेली असल्यामुळे एकीचे येणे आणि दुसरीचे जाणे यांचा मेळ बसू शके. विश्रांतीची ही आळीपाळी हा जुन्या व्यवस्थेचा गाभा होता.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेला तीन गोष्टींनी धक्का दिला : आगगाडी, टपाल आणि शाळा. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली तयार झाला, आणि १८६३ साली बोरघाटातील मार्ग खुला होऊन मुंबई व पुणे ही शहरे सलग जोडली गेली. जो प्रवास काही दिवसांचा होता तो काही तासांचा झाला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि मूळ पाठविण्याचे काम कार्डावर भागू लागले. अमुक गाडीने निघावे, स्थानकावर उतरून घेण्यास येतो, एवढे लिहिले की पुरे. पुढे मोटारींची भर पडली. ‘मुराळी’ हा शब्द बोलीतून मागे पडत गेला याचे कारण भावाची माया आटणे हे नसून त्याचे काम गाडी आणि टपाल यांनी वाटून घेणे हे आहे.

शाळेचा परिणाम याहून खोल होता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. मॅट्रिक्युलेशनची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. शाळा, महाविद्यालये आणि न्यायालये यांचे वर्ष इंग्रजी पंचांगाप्रमाणे बांधले गेले, आणि उन्हाळ्यातील मोठी सुटी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या आरंभापर्यंत ठरून गेली. या फेरबदलाची खूण भाषेत राहिली आहे. मराठीत इतर सुट्या सणांच्या नावाने ओळखल्या जातात : दिवाळीची सुटी, गणपतीची सुटी, नाताळची सुटी इंग्रजी राज्याबरोबर आली तरी तीही सणाचीच. एकट्या उन्हाळी सुटीस मात्र ‘मे महिन्याची सुटी’ असे इंग्रजी महिन्याचे नाव मिळाले. चैत्र-वैशाखाची जागा मे महिन्याने घेतली ती इतकी पक्की की, विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडत असल्या तरी शब्द बदललेला नाही.

मुले शाळेत जाऊ लागल्यावर आईच्या माहेरी जाण्याचे दिवस मुलांच्या सुटीने ठरू लागले. नागपंचमीला अथवा गौरींना शाळा बुडवून जाणे अवघड झाले. दिवाळी आणि मे महिना एवढेच उरले. याचा परिणाम असा झाला असला पाहिजे की, ज्या येण्याजाण्याची पूर्वी वर्षभर विभागणी होती ते एका महिन्यात दाटले. घरच्या लेकी मुलांसह मे महिन्यात येणार, आणि त्याच घरच्या सुनांनाही मुलांसह मे महिन्यातच जावयाचे. आळीपाळी राहिली नाही. सून गेली तर आलेल्या नणंदांचे करावे कोणी, आणि राहिली तर तिचे माहेर बुडाले. मे महिन्यातील भरल्या घराचा गोडवा ज्या आठवणींतून वर्णिला जातो त्या बहुधा मुलांच्या असतात. मुलांच्या दृष्टीने तो काळ सुखाचा होता यात संशय नाही. वीस-पंचवीस माणसांच्या पंक्तीकडे स्वयंपाकघरातून पाहिले असता मात्र चित्र निराळे दिसते.

मुलांच्या बाजूने या महिन्याला लाभलेले नाव ‘आजोळ’. ‘आजा’ आणि ‘कुल’ यांपासून बनलेला हा शब्द आईच्या वडिलांचे घर दाखवितो. व्यवहारात मात्र आजा जाऊन मामा कर्ता झालेला असे, म्हणून ‘मामाचे गाव’ हा प्रयोग रूढ झाला. ग. दि. माडगूळकर यांच्या आगगाडीवरील बालगीताने तो घरोघर पोहोचविला. आगगाडी, मामा आणि सुटी यांची त्या गीतात पडलेली सांगड ही वर वर्णिलेल्या शंभर वर्षांच्या घडामोडीचीच फलश्रुती म्हणावी लागेल.

५

हे झाले शिकलेल्या, पगारदार वर्गाचे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आणि घरकामात गेलेल्या माणसाची सुटी वेगळी होती. त्याला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. चाकरीवर जगणारा असा त्याचा अर्थ. त्याचे कुटुंब पुष्कळदा गावी असे आणि तो स्वतः खोलीतील इतर गाववाल्यांबरोबर राहून खाणावळीत जेवत असे. मे महिन्यात तो बोटीने निघे. हर्णै, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई, आणि जेथे धक्का नसे तेथे उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद होत असल्यामुळे त्याच्या रजेची मर्यादा मालकाच्या जोडीने समुद्रही ठरवीत असे. बोटींची ती वाहतूक पुढे संपली. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर त्या प्रवासाचे स्वरूपच पालटले.

गावी पोहोचलेल्या चाकरमान्याच्या रजेत विश्रांती किती होती? घराची शाकारणी, तरव्यासाठी भाजावळ, लाकूडफाटा भरणे, कुळाचार, लग्नकार्ये ही कामे त्याची वाट पाहत असत. त्याच्या पत्नीच्या दृष्टीने मे महिना हा माहेरी जाण्याचा नसून नवरा घरी येण्याचा होता. म्हणजे मुंबईत राहणाऱ्या कारकुनाच्या पत्नीला जो महिना माहेरचा, तोच गिरणीकामगाराच्या पत्नीला सासरी पाय रोवून राहण्याचा. ‘कुटुंबाची उन्हाळी सुटी’ असा एकच शब्दप्रयोग दोघींना लावल्यास हा भेद पुसला जातो.

कामगाराच्या मोकळिकीला कायद्याचे रूप फार उशिरा आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य केली. पगारी वार्षिक रजेची तरतूद मात्र १९४५ च्या दुरुस्तीने प्रथम आली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असे तिचे प्रमाण ठरविले. दरम्यान ज्यांना गावी जाणे परवडत नसे त्यांच्या वाट्यास रविवारची साधी मौज येई. भायखळ्यास १८६२ साली खुली झालेली राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. गिरगावच्या चौपाटीवरची वाळू आणि भेळ. पुण्यात पर्वतीची चढण, आणि १९५६ पासून पेशवे पार्कातील ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी. या ठिकाणी जाण्यास रजा, मूळ किंवा डॉक्टर यांपैकी कशाचीच गरज नव्हती. संध्याकाळी जाऊन रात्री परतता येई, आणि डबा बरोबर नेला नाही तरी भागे. घरातील स्त्री नवऱ्याबरोबर आणि मुलांबरोबर मौजेसाठी म्हणून बाहेर पडली ती सर्वसामान्य घरांत प्रथम अशा ठिकाणी, हे या बागांचे आणि चौपाट्यांचे सामाजिक कार्य लहान समजू नये.

६

हवापालटाची परंपरा याहून पूर्णतः भिन्न उगमाची आहे. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम यांच्या प्रयत्नाने महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले; त्यांच्या नावाची माल्कम पेठ अजून तेथे आहे. माथेरानकडे ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचे लक्ष १८५० साली गेले. पुढे अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनी नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी बांधली आणि ती १९०७ साली सुरू झाली. आरंभी ही ठिकाणे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आरोग्यासाठी होती. क्षेत्र महाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे तीर्थ म्हणून मराठी माणसाला पूर्वापार ठाऊक होते. त्याच डोंगरावर केवळ हवेसाठी जाऊन राहणे ही कल्पना नवी होती. ‘हवा खाणे’ या वाक्प्रचारात आजही जी किंचित थट्टा आहे ती या नवेपणाची आठवण असावी.

न्यायाधीश, वकील, वरिष्ठ अधिकारी आणि व्यापारी यांच्या घरांनी हा प्रघात प्रथम उचलला, आणि त्याबरोबर एक नवीन घटना घडली : पती आणि पत्नी एकत्र प्रवासास निघाली. जत्रेस सारे घर जाई. माहेरी पत्नी मुलांसह जाई. केवळ नवराबायकोने मिळून परगावी राहणे मोठ्या एकत्र कुटुंबात सहज खपणारे नव्हते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत न्यायमूर्तींच्या फिरतीवर त्यांच्याबरोबर घालविलेल्या दिवसांची जी हकीकत आहे, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांच्या घराबाहेर पतिपत्नींना परस्परांशी बोलण्यास, शिकण्या-शिकविण्यास जो अवकाश मिळाला त्याचे मोल त्यातून कळते.

७

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात या सर्व धारा एकत्र आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि काही वर्षांतच एस. टी. खेडोपाडी पोहोचली. केंद्र सरकारने १९५६ साली आपल्या नोकरांसाठी रजा-प्रवास सवलत सुरू केली. सुरुवातीस ही सवलत स्वग्रामी जाण्यापुरती होती, आणि नोकराने कागदावर नोंदविलेले स्वग्राम हे बहुधा पुरुषाचे गाव असे. देशात अन्यत्र जाण्याची मुभा नंतरची. सरकारी नियमात ‘कुटुंब’ म्हणजे कोण याची व्याख्या द्यावी लागते, आणि त्या व्याख्येचा केंद्रबिंदू नोकरी करणारा माणूस असतो. अशा रीतीने पत्नीचा प्रवास प्रथमच नवऱ्याच्या रजेला कागदोपत्री जोडला गेला. मुराळ्याची जागा तिकिटाने घेतली होती; आता माहेरची जागा कौटुंबिक सहलीने घेण्यास आरंभ केला.

या सहलीचे सामान पाहिले तरी तिचे स्वरूप ध्यानात येते. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि चटणी यांबरोबर स्टोव्ह, तांदूळ-डाळ, पीठ, आणि पुष्कळदा विळीसुद्धा बरोबर असे. हॉटेलचे राहणे परवडणारे नव्हते. धर्मशाळेत, आरोग्यधामात किंवा कोणाच्या ओळखीने मिळालेल्या खोलीत उतरावयाचे आणि तेथेच दोन वेळचा स्वयंपाक करावयाचा. वडिलांची रजा ती रजाच राहिली, मुलांची सुटी ती सुटीच. आईच्या बाबतीत मात्र स्वयंपाकघराचे फक्त गाव बदलले. ज्या माहेरपणात निदान पाळीने का होईना ती ओट्यापासून सुटत होती ते या पंधरा दिवसांपुरते तिने सोडून दिले होते.

याचा अर्थ जुनी व्यवस्था चांगली आणि नवी वाईट असा काढणे चूक होईल. माहेरपण परवानगीवर अवलंबून होते. ज्या स्त्रीचे आईवडील गेले अथवा भाऊ नव्हता तिला ते नव्हतेच. विधवेच्या बाबतीत तर माहेरी राहणे हे बहुधा कामाचेच असे. उलट सहलीने स्त्रीला डोंगर, समुद्र आणि परकी गावे दाखविली, नवऱ्याच्या बरोबरीने चालण्याची सवय दिली, आणि तीर्थयात्रेचे निमित्त न सांगता केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडण्याचा अधिकार मिळवून दिला. या जमा बाजूसमोर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे एवढाच येथे आग्रह आहे, कारण ती खर्चाची रक्कम एकाच व्यक्तीच्या नावे पडली आणि ती कोणी नोंदवून ठेवली नाही.

दुसरी एक हानी भाषेची. आजोळी गेलेले मूल आईच्या बोलीत महिनाभर राहत असे. पुण्यात वाढलेल्या मुलाच्या कानावर अहिराणी, वऱ्हाडी अथवा मालवणी पडे ती याच दिवसांत. सूरपारंब्या, विटीदांडू, सागरगोटे, काचापाणी यांची नावे, त्यांतील भांडणाचे शब्द, आढीतल्या आंब्यांच्या आणि फणसाच्या जातींची नावे त्याला मामेभावंडांकडून मिळत. शाळेने प्रमाणभाषा दिली. आईची बोली देणारी संस्था मे महिना ही होती. थंड हवेच्या ठिकाणी अथवा लांबच्या सहलीत कुटुंब एकमेकांशी घरचीच भाषा बोलते आणि इतरांशी हिंदी अथवा इंग्रजी. मातृगृह गेले की ‘मातृभाषा’ या शब्दातील ‘मातृ’ हे पदही काहीसे अर्थशून्य होऊ लागते.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मराठी कुटुंबाची उन्हाळी सुटी शेतीतील उसंत, लेकीचे माहेरपण, इंग्रजी पंचांगातील शाळा-कोर्टांची सुटी, कामगाराची रजा आणि साहेबी हवापालट या भिन्न उगमांच्या गोष्टींतून शंभर वर्षांत घडली. १८६३ मधील घाटमार्ग आणि १९५६ मधील प्रवाससवलत या तिच्या घडणीच्या दोन ठळक मर्यादा मानता येतील. या घडणीत विश्रांतीचा हक्क कुटुंबातील पुरुषाला कायद्याने आणि मुलाला शाळेने मिळाला. स्त्रीला तो पूर्वी रूढीने मिळत होता. रूढी सैल झाल्यावर त्याच्या जागी दुसरे काही निश्चित असे आले नाही. माहेरी जाणाऱ्या स्त्रीसाठी भाषेत एक नेमका शब्द होता, ‘माहेरवाशीण’. सहलीस जाणाऱ्या स्त्रीसाठी असा शब्द अद्याप तयार झालेला नाही. ती नोकरी करीत असल्यास तिलाही ‘रजा’ मिळते, पण ती कचेरीपुरती. घरातील कामापासूनच्या मोकळिकीला माहेरपणाखेरीज दुसरे नाव नाही. कुटुंबाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी जमाखर्चाच्या वह्या, घरगुती पत्रे आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या हकीकती या दृष्टीने तपासल्या, आणि मे महिन्यात कोण कोठे गेले याबरोबरच त्या दिवसांत स्वयंपाक कोणी केला हेही विचारले, तर या प्रश्नावर अधिक प्रकाश पडेल.